जुनी एमएक्स-५: पाणी बाहेर पडतंय का?

माझदा एमएक्स-५ ही उघडमिट होणाऱ्या छपराची दोन सीटची गाडी, तिची पहिली पिढी १९८९ची. ब्रिटनमधल्या मराठी मालकांकडून दर हिवाळ्यात तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच देतो.

बॉनेटमधून वर उघडणाऱ्या हेडलाइटांपैकी एक वर येतो, दुसरा अडकतो. मोटर बदलू?
आधी फ्यूज आणि कनेक्टर तपासा. तोवर दिवे वर-खाली करणाऱ्या मोटरचा फ्यूज काढून मोटरवरचा नॉब हाताने फिरवा, दिवा वर येईल.

थंड इंजिन टकटक करतं. मित्र म्हणतो, इंजिन गेलं.
ऐकीव निदानावर इंजिन उघडू नका. बहुतेकदा हायड्रॉलिक लिफ्टरमध्ये (इंजिनच्या झडपा उघडणाऱ्या, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या भागांत) तेल चढायला वेळ लागतो. तेल आणि फिल्टर बदला, बाटलीतली 'औषधं' ओतू नका. आवाज खालून, जड येत असेल तर मात्र गाडी बंद ठेवून मेकॅनिकला बोलवा.

क्लचचं पेडल खालीच बसतं.
बहुधा क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग) गळत असणार. आजच दाखवा.

पाऊस पडला की सीटमागचा गालिचा भिजतो. दुकानदार नवं हूड (कापडी छप्पर) घ्या म्हणतो.
थांबा, पैसे देऊ नका! हुडावरचं पाणी मागच्या पन्हाळीत उतरतं आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून मागच्या चाकांपुढे जमिनीवर पडतं. पानांचा चोथा बसला की नळी तुंबते आणि पाणी आत शिरतं. ओला गालिचा तरी दिसतो; दाराखालच्या सिलमध्ये साठलेलं पाणी दिसत नाही, आणि पत्रा आतून गंजत राहतो. बाहेरून रंग चकचकीत असतो आणि बोट दाबलं की पापुद्रा आत जातो, अशा कितीतरी गाड्या मी पाहिल्यात.
मगभर पाणी पन्हाळीत हळूहळू ओता. खाली लगेच धार लागली पाहिजे. नाही लागली तर गवत कापायच्या यंत्राची मऊ नायलॉन दोरी घाला. तार किंवा जोराची हवा नको, नळी फाटते किंवा सुटते. दोन्ही बाजू तपासा, वर्षातून दोनदा.
जुनी गाडी घेताना सिलवर ताजा काळा लेप दिसला तर संशय घ्या, तो गंज झाकायला फासलेला असू शकतो. सीटबेल्ट जिथे बसवलाय त्याच्या ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कुजला असेल तर एमओटी (ब्रिटनमधली गाडीची वार्षिक सक्तीची तपासणी) नापास होते. 'उन्हाळ्यात बघू' म्हणणाऱ्यांचा खर्च मी वाढतानाच पाहिलाय. वेल्डिंग करणाऱ्याला गाडी लिफ्टवर चढवून दाखवा, फोटो पाठवून नाही.

डिकीत साधी बॅटरी चालेल?
नाही. वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या जोडता येतील अशीच घ्या, आणि बसवणाऱ्याकडून त्या नळ्या जोडल्याची खात्री करून घ्या.