पाऊस उघडला की अंगणात मुंग्यांचे ढिगारे

प्रश्न: नमस्कार ताई, पावसाची सर येऊन गेली की अंगणात भुसभुशीत मातीचे ढिगारे उभे राहतात आणि चुकून पाय पडला तर लाल मुंग्या क्षणात पोटरीपर्यंत चढतात, नुसती आग आग होते. स्प्रे झाला, पावडर झाली, दोन दिवस शांत आणि मग चार हातांवर नवा ढिगारा. कायमचं काही आहे का?

उत्तर: स्प्रेने वर फिरणाऱ्या मुंग्या मरतात, राणी खाली सुखरूप. या डंख मारणाऱ्या लाल मुंगीची, म्हणजे फायर अँटची, राणी भरात असली की दिवसाला हजारभर अंडी घालते, तिला वरच्या दोनशे गेल्याचं काय! आणि ढिगारा पावसाने नवीन होत नाही बरं का, वारूळ आधीपासून तिथेच असतं, माती पाण्याने भरली की मुंग्या आपल्या अळ्या आणि कोष उचलून वर कोरड्यात आणतात म्हणून आपल्याला आत्ता दिसतं एवढंच. काठीने उकरून बघू नका, डिवचलं की सगळा संसार उचलून सरकतात, तुमचा चार हातांवरचा नवा ढिगारा बहुतेक तसाच आलाय.

खरं काम करतं ते दाणेदार आमिष. मक्याचा भरडा तेलात भिजवलेला असतो आणि त्या तेलात हायड्रामिथिलनॉन, स्पिनोसॅड किंवा पायरीप्रॉक्सिफेनसारखं औषध असतं. पूर्ण वाढलेल्या मुंगीला घट्ट खाणं गिळता येत नाही, ती तेल चोखून पोटात भरते, घरी जाऊन तोंडाने दुसरीला देते, दुसरी तिसरीला, असं करत करत ते राणीपर्यंत पोचतं. म्हणून औषध हळू मारणारंच हवं, मुंगी वाटेत मेली तर राणीला कोण भरवणार? आणि म्हणूनच आमिष टाकल्यावर तिथेच स्प्रे मारायचा नाही, लोक नेमकं हेच करतात आणि मग औषध बोगस म्हणतात.

आता पावसाचं. दाणे भिजले की गेले, मुंग्या तोंड लावत नाहीत. जमीन सुकलेली हवी आणि पुढचे 24 तास पाऊस नको, अशी उघडीप मिळाली की लगेच उरकायचं. आधी तेलकट वेफरचा तुकडा ढिगाऱ्यापासून थोडा लांब ठेवा, अर्ध्या तासात मुंग्या जमल्या तर त्या खायला बाहेर पडल्यात, नाही जमल्या तर दाणे वाया घालवू नका. टळटळीत उन्हात त्या खाली असतात, संध्याकाळ बरी. दाणे ढिगाऱ्याच्या डोक्यावर नाही, भोवताली विखरून टाका, पाकिटावर लिहिलंय तेवढेच. जुनं उघडं पाकीट असेल तर वास घेऊन बघा, तेल खवट झालं असेल तर टाकून द्या. फरक दिसायला काही आठवडे जातात, पायरीप्रॉक्सिफेन असेल तर त्याहूनही जास्त.

दारातलाच ढिगारा असेल आणि थांबवत नसेल तर 10-12 लिटर उकळतं पाणी हळूहळू ओता, कधी राणी मरते कधी नाही, पण तिथलं गवत आणि मुळं मात्र नक्की जळतात, आणि पाय सांभाळा. पेट्रोल अजिबात नको. रवा खाऊन मुंग्यांचं पोट फुटतं म्हणतात ते सोडून द्या, वर सांगितलंच की त्या गिळतच नाहीत.

प्रश्न: चावलं तिथे दुसऱ्या दिवशी पांढरे फोड आले, फोडू का?

उत्तर: नका फोडू, तो पू नसतो, फोडलात तर मात्र होईल. ही मुंगी जबड्याने धरून ठेवते आणि मागच्या नांगीने गोल फिरत फिरत डंख मारते, त्यामुळे पाणी मारून सुटत नाही, हाताने किंवा फडक्याने खसाखसा झटकायची. नंतर साबणाने धुवा, बर्फ लावा. ओठ किंवा जीभ सुजली, दम लागला, चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.