जीटीए सॅन अँड्रियास हा गेम पीएस टू (सोनीचा जुना गेम कन्सोल) वर आणि पीसीवर सेमच आहे का? आज पहिल्यांदा खेळायचा तर कुठला घेऊ?

स्टोरी, मिशन, मॅप सगळं तेच आहे, तरीपण खेळताना सेम वाटत नाही. मी दोन्हीकडे पूर्ण केलाय, आधी नाशिकला मामेभावाच्या पीएस टू वर सुट्टीत आणि नंतर घरच्या पीसीवर. गेम पीएस टू वर ऑक्टोबर २००४ ला आला, पीसीवर जून २००५ ला.

मला विचाराल तर सगळ्यात मोठा फरक हवेचा आहे. पीएस टू वर गेममधल्या लॉस सँटोस शहरात संध्याकाळ झाली की अख्खा स्क्रीन नारिंगी होतो, लांबच्या बिल्डिंगा धुरकट दिसतात, उकाडा जाणवतो अक्षरशः. पीसीवर पहिल्यांदा चालू केला तेव्हा चित्र एकदम शार्प, लांबपर्यंत सगळं दिसतंय, पण ती नारिंगी छटा गायब, मला वाटलं मॉनिटरचंच काहीतरी बिघडलंय. पीएस टू ची मेन रॅम फक्त ३२ एमबी, एवढा मोठा मॅप डीव्हीडीवरून तुकड्यातुकड्याने लोड होतो, लांबचं दाखवणं परवडतच नव्हतं, म्हणून ते धुकं. पण त्या धुक्यामुळेच मॅप प्रचंड वाटतो ना! २०२१ ला डेफिनिटिव्ह एडिशन (गेमची नव्याने सजवलेली आवृत्ती) आली त्यात हे धुकं काढून टाकलं होतं, तर गेममधल्या माउंट चिलियाड डोंगरावर उभं राहिलं की सगळं एका नजरेत दिसायचं आणि एवढंसंच होतं का हे असं वाटून वाईट वाटायचं. लोकांनी खूप ओरड केली, शेवटी नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटमध्ये जुन्यासारखी लायटिंग दिली.

आता कंट्रोल. नेमबाजीत पीसी कितीतरी पुढे, माउसने डोक्यावर नेम धरायचा आणि संपला विषय, पीएस टू वर आर वन बटण दाबलं की गेम स्वतःच कोणालातरी लॉक करतो, आणि गर्दीत नेमका नको त्यालाच. पण विमान उडवायला बसलात की उलटं होतं. स्टिक अर्धी वळवता येते, कीबोर्डचं बटण एकतर पूर्ण दाबलेलं नाहीतर सोडलेलं, मधलं काही नाही, त्यामुळे व्हर्डंट मेडोजच्या फ्लाइंग स्कूलमध्ये मी पीसीवर जेवढा रडलो तेवढा पीएस टू वर कधीच नाही. गाडीचंही थोडंफार तसंच.

पीएस टू वर टू प्लेअर होतं, दुसरा कंट्रोलर लावायचा, मॅपवर ठराविक ठिकाणी दोन माणसांचा आयकॉन असतो तिथे गेलं की दोघं एकाच स्क्रीनवर, फक्त एकमेकांपासून फार लांब जाता येत नाही. मामेभाऊ आणि मी यातच दिवस घालवायचो. पीसीवर हे काढून टाकलं, का ते मला आजतागायत पटलेलं नाही. त्याबदल्यात पीसीवर स्वतःची एमपीथ्री गाणी यूजर ट्रॅक्स फोल्डरमध्ये टाकली की ती गाडीच्या रेडिओवर वाजतात. कोळीगीतं लावून ग्रोव्ह स्ट्रीटवरून लोरायडर फिरवलीये मी, फार भारी वाटतं. चीट पण वेगळे, पीएस टू वर बटणांची लांबलचक रांग पाठ करायची, पीसीवर नुसतं हेसोयाम टाइप केलं की हेल्थ, आर्मर आणि अडीच लाख डॉलर. मोड्सबद्दल (लोकांनी स्वतः बनवून गेममध्ये टाकलेले बदल) तर बोलायलाच नको, खूप जणांनी मिळून ऑनलाइन खेळायचा सॅम्प त्यातूनच आला.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पीसीवर सेटिंगमध्ये फ्रेम लिमिटर (सेकंदाला किती चित्रं दाखवायची त्यावरची मर्यादा) आहे तो ऑनच ठेवा. बंद केला की गेम स्मूद दिसतो पण आतली गणितं बिघडतात, गेमचा हिरो सीजे पाण्यात पुढेच सरकत नाही, आणि पोहायच्या मिशनमध्ये अडकलात की कारणच कळत नाही.

तर घरात चालू पीएस टू असेल आणि सोबत कोणी भाऊबहीण असेल तर तोच लावा. नाहीतर पीसीची जुनी ओरिजिनल आवृत्ती घ्या (२०१४ च्या स्टीम अपडेटमध्ये लायसन्समुळे रेडिओवरची काही गाणी काढलीयेत, ते माहीत असू द्या), त्यावर सायलेंटपॅच नावाचा मोड टाका म्हणजे बरेच बग जातात, आणि स्कायजीएफएक्स नावाचा मोड टाका, त्याने पीएस टू चे रंग परत येतात. कंट्रोलर असेल तर विमानासाठी जोडून ठेवा, गोळीबार मात्र माउसनेच करा.