रोज अर्धा तास चालतो, पण ऑफिसात नऊ-दहा तास बसून असतो. तेवढं चालणं पुरतं का?

पुरत नाही, पण ते अजिबात सोडू नका. 2016 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचा अभ्यास आला होता. आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांचा अकाली मृत्यूचा वाढीव धोका रोज 60 ते 75 मिनिटं झपाझप चालण्याइतक्या हालचालीने जवळपास नाहीसा होतो, असं त्यात दिसलं.

मीही ठाण्याहून ऐरोलीला जाऊन दिवसभर खुर्चीतच असायचो. संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर खोल वळ दिसायचे. पोटरीचे स्नायू आवळले की पायातलं रक्त वर ढकललं जातं. बसून राहिलं की तो पंपच थंडावतो. साखर वापरून टाकणारे मांडीचे मोठे स्नायूही स्वस्थ पडतात. म्हणून जेवण झाल्याझाल्या खुर्ची गाठू नका, दहा मिनिटं खाली फेरी मारा. रक्तातली साखर कमी उसळते. मला सगळ्यात जास्त फायदा याचाच झाला.

बाकी साधंच: मोठ्या बाटलीऐवजी छोटा पेला ठेवा, म्हणजे पाण्यासाठी उठावंच लागतं. फोन चालत घ्या. घरी परतताना ठाण्यातल्या तलावपाळीसारख्या तलावाकाठी एक फेरी, अंगाला घाम येईल अशी. नुसतं उभं राहून काम करणं म्हणजे चालणं नव्हे.

एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखत असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्ताची गुठळी असू शकते.