वैर घरचे, निवड आपली

"आमच्या आणि त्यांच्या घराचं दोन पिढ्यांचं वैर आहे, आणि मला त्याच घरातला मुलगा आवडतो." हे वाक्य मी समुपदेशनात इतक्या वेगवेगळ्या आवाजांत ऐकले आहे की त्यापुढचे वाक्यही आता मला ठाऊक असते: "घरच्यांना कसं पटवू?" वैराची कारणे निरनिराळी असतात. कुठे बांध कोरल्याचा वाद असतो, कुठे विहिरीच्या पाण्याची पाळी, कुठे फुटलेली भागीदारी, कुठे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतले विरुद्ध पॅनल, तर कुठे एखाद्या आत्याचे ठरून मोडलेले लग्न. विचारणाऱ्याची समजूत मात्र बहुधा एकच असते, की अडचण फक्त घरच्यांची आहे आणि आपल्या दोघांत तपासण्यासारखे काही उरलेले नाही. माझे मत अनुभवाने याच्या उलट झाले आहे. घरच्यांना पटवण्याचा प्रश्न सर्वांत शेवटी हाती घ्यायचा असतो, कारण त्याआधीचे दोन प्रश्न सुटलेले नसतील तर पटवणाऱ्याच्या बोलण्यात बळ येत नाही.

हे ज्या मुलीमुळे मला अधिक स्पष्ट झाले, तिला येथे मृणाल म्हणू. ओळख पटू नये म्हणून नावे आणि काही तपशील बदलले आहेत, आणि अनेक भेटींतले बोलणे थोडक्यात आणले आहे. मृणाल कृष्णाकाठच्या एका गावातली, औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर, वय चोवीस, नोकरीनिमित्त कोल्हापुरात राहणारी. अजिंक्य तिच्याच गावातला, तिच्या शेताला लागून शेत असलेल्या घरातला. लहानपणी दोघांनी एकमेकांना लांबून पाहिले होते, पण बोलायची सोय नव्हती. ओळख झाली ती शहरात. दोन्ही घरांचा ऊस होता आणि मृणालच्या घरचा ऊस बाहेर काढायचा रस्ता अजिंक्यच्या वडिलांच्या बांधावरून जात होता. तोडलेला ऊस लवकर गाळपाला गेला नाही तर त्याचे वजन आणि साखर दोन्ही घटतात, त्यामुळे हंगामात अडवलेला रस्ता म्हणजे थेट नुकसान. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे अर्ज झाला, त्यांच्या आदेशाविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे फेरतपासणी झाली, आणि शेवटी प्रकरण दिवाणी न्यायालयात जाऊन तारखांवर पडले. दोन्ही घरे एकाच जातीची होती, हेही येथे सांगायला हवे. जातीचा अडसर असला की पुष्कळदा जुने भांडण हे केवळ सांगायचे कारण असते. येथे वैर अगदी उघडे होते.

पहिल्या भेटीत मृणाल बराच वेळ बोलली. सातबारा, नकाशे, मोजणी, कोण कोणाच्या लग्नाला गेले नाही, हे सारे तिला पाठ होते. तिचे बोलणे संपल्यावर मी एवढेच विचारले, "अजिंक्य कसा आहे? दोन्ही घरांचं आणि शेताचं नाव न काढता सांग."

"शांत आहे," ती म्हणाली. "समजून घेतो. म्हणजे त्याचे वडील इतके तापट असूनही..." आणि ती थांबली. तिने पुन्हा सुरुवात केली, "आमच्या घरच्यांनी त्याला एवढं बोलूनसुद्धा तो..." आणि पुन्हा थांबली.

मी मध्ये बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाला धीर देण्याचा मोह होतो, आणि तो आवरणे हेच त्या क्षणाचे मुख्य काम असते. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मॅडम, आम्ही भेटतो तेव्हा बहुतेक वेळ त्यांच्याचबद्दल बोलतो."

या वाक्यासाठी मी थांबले होते. दोन माणसांच्या नात्यात तिसरे कोणी सतत बसलेले असेल तर त्या दोघांना एकमेकांकडे नीट पाहावे लागत नाही, आणि वैर हा असाच तिसरा असतो. तो दोघांना जवळ आणतो, पण त्यांची ओळख होऊ देत नाही. विरोधाने प्रेम वाढते हा आपल्याकडचाही लाडका समज आहे, आणि १९७२ साली कोलोरॅडोतील जोडप्यांच्या एका अभ्यासात त्याला दुजोराही मिळाला होता. मात्र २०१४ मध्ये अमेरिकेतल्याच संशोधकांनी तो पुन्हा तपासला तेव्हा तसे आढळले नाही. ज्या नात्यांना जवळच्यांची साथ होती, त्यांतच प्रेम आणि विश्वास अधिक दिसला. विरोधामुळे येणारी धडधड खरी असते, पण ती विरोधाची आहे की माणसाची, हे वेगळे करून पाहावे लागते.

म्हणून मी तिला एक पथ्य सांगितले. काही काळ भेटायचे ते दोन्ही घरांचा विषय न काढता. बोलायचे ते पगार कसा खर्च होतो, राग आला की कोण काय करते, आजारपणात कोणाला काय लागते, मुले हवीत का, राहायचे कोठे, याबद्दल. थोड्याच दिवसांत ती रडत आली. त्यांचे पहिल्यांदाच भांडण झाले होते. अजिंक्यने गृहीत धरले होते की काही वर्षांनी दोघे गावी परततील. मृणालला गाव नको होते. शिवाय प्रत्येक निर्णय तो लांबणीवर टाकतो, हेही तिला प्रथमच जाणवले होते. तिला वाटले सारे संपले. मला, खरे सांगायचे तर, समाधान वाटले, कारण ते भांडण पूर्णपणे त्या दोघांचे होते. पुढे राहण्याच्या जागेवर त्यांनी तडजोड काढली, निर्णय लांबवण्याची सवय मात्र अजून आहे असे ती सांगते. त्यानंतर तिने अजिंक्यबद्दल जे सांगितले त्यात त्याच्या वडिलांचे नाव नव्हते. पहिला प्रश्न, हा माणूस मला हवा आहे का, तिच्यापुरता तिथे सुटला.

दुसरा प्रश्न, घरचे वैर पुढे चालवणे हे माझ्यावरचे देणे आहे का, अधिक अवघड होता. "हे केलं तर आबांशी गद्दारी होईल," असे ती वडिलांबद्दल वारंवार म्हणत असे. मूळचे हंगेरीचे मनोविकारतज्ज्ञ इव्हान बोसोर्मेनी-नॉज यांनी कुटुंबातल्या न दिसणाऱ्या निष्ठांचा फार खोल विचार केला आहे, आणि माझ्या कामाचा पाया बराचसा त्यांच्या मांडणीवर आहे. घराघरांत देण्याघेण्याचा एक अलिखित हिशेब चालतो आणि एका पिढीची बाकी नकळत पुढच्या पिढीच्या नावावर चढते, असे ते मानत. मृणालच्या नावावर कोणती बाकी चढली होती, हे तिलाही ठाऊक नव्हते. भांडण नेमके कशावरून झाले असे विचारल्यावर ती "रस्त्यावरून" म्हणाली. रस्ता पहिल्यांदा कधी आणि का बंद झाला, हे तिला सांगता आले नाही. मी तिला सुचवले, "आबांना विचार. पटवायला जाऊ नकोस, अजिंक्यचं नाव काढू नकोस. फक्त विचार आणि ऐकून घे."

आबांनी सांगितले ते तिने कधीच ऐकले नव्हते. तिचे आजोबा, अण्णा, भर पावसाळ्यात गेले. घाटाकडची नेहमीची वाट पुराच्या पाण्याखाली होती, आणि मयत शेजारच्या बांधावरून न्यायचे ठरले. बांधावर बाभळीच्या फांद्या टाकून अजिंक्यचे आजोबा उभे राहिले. खांदेकरी पावसात ताटकळले आणि अखेर लांबच्या वाटेने गेले. आबा तेव्हा तरुण होते आणि मडके त्यांच्याच हातात होते. गावाला वाटते की ते ट्रॅक्टरसाठी रस्ता मागत आहेत.

पुढे मृणालने अजिंक्यबद्दल घरी सांगितल्यावर आबा माझ्याकडे आले, ते समुपदेशनासाठी नव्हे, तर मला चार गोष्टी सुनावायला. "मॅडम, तुम्हा शिकलेल्या लोकांना वाटतं, आम्ही दोन फुटांच्या बांधासाठी भांडतोय," ते म्हणाले. मी त्यांना सारे बोलू दिले. विसरून जा, माफ करा, काळ बदलला आहे, यांतला एकही शब्द मी उच्चारला नाही, कारण वडिलांचे मयत अडवलेले कोणी विसरावे असे मला वाटत नाही. शेवटी ते म्हणाले, "ही केस मी सोडली तर अण्णांना काय तोंड दाखवू?"

तेव्हा मी विचारले, "अण्णांचं हे देणं तुमच्यावर आहे, ते मला मान्य आहे. ते मृणालवरही आहे का?"

ते कितीतरी वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिच्यावर कसं असेल? ती तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती."

त्या एका उत्तरात साऱ्या भेटींचे फळ होते, आणि ते माझे नव्हे, त्यांचे स्वतःचे होते. हाच प्रश्न मी आरंभीच विचारला असता तर ते उठून गेले असते. त्यांचे दुःख आधी पूर्ण मान्य झाले, म्हणून ते त्यांना लेकीपासून वेगळे करता आले. वैर करणारा बाप पुष्कळदा आपल्या बापाचा शोकच पुढे चालवत असतो. अजिंक्यनेही आपल्या घरी विचारले, तेव्हा तिथली कथा त्या पावसाळ्याच्या आधीच्या वर्षापासून, रात्री फोडलेल्या पाटापासून आणि वाहून गेलेल्या लागणीपासून सुरू होते, असे कळले. कोणाचे खरे, याचा निवाडा मी केला नाही आणि त्या दोघांनाही करू दिला नाही.

अजिंक्यची एक कल्पना मात्र मी स्पष्टपणे खोडून काढली. "आमच्या लग्नानं हे वैर मिटेल," असे तो म्हणे. वैर मिटवण्यासाठी आणलेली सून ही दोन्ही घरांची ओलीस होते. प्रत्येक तारखेचा राग तिच्यावर निघतो. अशा जोडप्यांनी लग्नाआधीच ठरवावे की निरोप कोणी कोणाचे पोहोचवायचे नाहीत, खटल्याचा विषय आपल्या घरात काढायचा नाही, आणि सासरी टोमणा आला तर उत्तर मुलाने द्यायचे, मुलीने नव्हे. मुलगा याला तयार नसेल, तर लग्नाची घाई करू नये असे मी सरळ सांगते.

आणि या सर्वांच्या आधी एक चौकशी मी प्रत्येकाकडे करते: कोणी मारले आहे का, कोंडले आहे का, फोन काढून घेतला आहे का, जिवाची धमकी दिली आहे का. यांपैकी काहीही असेल तर समजावणे थांबवावे आणि 'शेवटचं एकदा बोलून घे' म्हणून कोणी घरी बोलावले तरी एकटीने जाऊ नये. मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा असेल तर लग्नाला घरच्यांची परवानगी कायद्याने लागत नाही. प्रौढ स्त्रीपुरुषांची संमती पुरेशी आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आणि अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष स्थापण्याचे निर्देश दिले. तातडीच्या वेळी ११२ वर फोन करावा. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लावली जाते, म्हणजे बातमी घरी पोहोचू शकते, हे लक्षात घेऊन राहण्याची व्यवस्था आधी करावी. मृणालच्या बाबतीत असा धोका नव्हता, म्हणूनच आम्हाला सावकाश जाता आले.

लग्न नोंदणी पद्धतीने झाले. मृणालची आई आली, आबा आले नाहीत. नंतर ते लेकीकडे येऊ लागले, पण मुक्काम करत नाहीत. अजिंक्यच्या वडिलांशी त्यांचे बोलणे नाही आणि दावा अजून चालू आहे. अलीकडे मृणालने विचारले की बाळाच्या बारशाला दोघांनाही बोलवावे का. मी म्हटले, "दोघांनाही बोलाव, आणि दुसराही येणार आहे हे दोघांना आधी सांग. यायचं की नाही, ते त्यांना ठरवू दे. तू त्यासाठी मध्यस्थी करू नकोस."