खानापुरातून हॅम रेडिओवर एफटी८ (कॉम्प्युटरच्या सुरांनी छोटे संदेश पाठवायची डिजिटल पद्धत) लावतोय. समोरचे म्हणतात, तुमचा सिग्नल दोन-तीन जागी दिसतो. ऑडिओ किती ठेवू?

एएलसीचा (रेडिओची पॉवर आपोआप आवरणाऱ्या सर्किटचा) काटा जेमतेम हलेल किंवा शून्यावरच राहील, एवढाच ऑडिओ द्या. तुमचा ऑडिओ रेडिओत शिरतानाच फाटतोय. ६०० हर्ट्झचा सूर फाटला की १२०० आणि १८०० वरही त्याची भुतं उमटतात आणि तिथे कुणीतरी दूरचं, क्षीण स्टेशन ऐकत बसलेलं असतं. आधी रेडिओचा स्पीच प्रोसेसर (बोलणं ठळक करणारी सोय) बंद करा. मग अँटेनाच्या जागी डमी लोड (पॉवर हवेत न सोडता जिरवणारा रोधक) लावून सॉफ्टवेअरमधलं ट्यून दाबा, ऑडिओ पार खाली आणा आणि पॉवर वाढायची थांबेपर्यंत हळूहळू चढवा. तिथून थोडं मागे या. कॉम्प्युटरच्या नोटिफिकेशनचे आवाजही बंद ठेवा, नाहीतर तेही हवेत जातात! मी बेळगावात ४० मीटर बँडवर, ७.०७४ मेगाहर्ट्झला, असंच लावतो; बँड बदलला की पुन्हा बघतो, कारण पातळी सरकते. सूर १५०० हर्ट्झच्या वर ठेवलात तर त्याची दुप्पट बहुतेक फिल्टरबाहेर पडते, पण तो फाटलेल्या ऑडिओवरचा इलाज नव्हे. एक मात्र आहे, सगळ्या रेडिओंचा एएलसी मीटर सारखा नसतो. एलेक्राफ्ट के३ या रेडिओत एएलसीच्या चार-पाच पट्ट्या दिसणं हेच बरोबर, तेव्हा आपल्या सेटचं मॅन्युअल आधी पाहा.