ख्रिस्ती पालक सरकारी शाळेऐवजी घरीच शिकवायचं म्हणतात, ते कशाच्या आधारावर?

मुख्य आधार बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या ६:७ या वचनाचा: देवाची वचनं घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना-उठताना मुलांच्या मनावर बिंबवा. म्हणजे जबाबदारी आईबापाची, सरकारची नव्हे. कॅथलिक चर्चनेही १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात पालकांनाच मुलांचे पहिले शिक्षक म्हटलंय. त्यातच शाळेचंही महत्त्व सांगितलंय, ते मात्र ही मंडळी सोयीस्कर गाळतात! मी वसईची. आजी केळ्यांच्या फण्या मोजता मोजता आम्हाला पाढे शिकवायची, संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. तरी सकाळी दप्तर देऊन झेडपीच्या शाळेत धाडायचीच. तुम्हाला घरीच शिकवायचं असेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत (एनआयओएस) दहावीला १४ वर्षं पूर्ण झाल्यावर प्रवेश मिळतो.