फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये रक्ताच्या रिपोर्टवरून पेशंट किती जगेल हे सांगता येतं का?

तुमच्या वडिलांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे, चौथी स्टेज. ताज्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, न्यूट्रोफिल ७८ टक्के, लिम्फोसाइट १३ टक्के (या दोन्ही पांढऱ्या पेशी) आणि एलडीएच हे पेशींमधलं एन्झाइमही रक्तात वाढलेलं. असे आकडे असलेले रुग्ण कमी जगतात असं तुम्ही नेटवर वाचलंत आणि विचारताय की वडिलांच्या हातात किती वेळ आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, असे रिपोर्ट रोज माझ्या हाताखालून जातात. या आकड्यांवरून तुमच्या वडिलांचे महिने मोजता येत नाहीत, हे मी अगदी खात्रीने सांगते.

तुम्ही वाचलंत ते खोटं मात्र नाही. ७८ भागिले १३ म्हणजे ६, न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइटच्या या गुणोत्तरालाच एनएलआर म्हणतात. कॅन्सरमुळे शरीरात दाह सुरू असला की न्यूट्रोफिल वाढतात आणि गाठीशी लढणारे लिम्फोसाइट कमी पडतात. पेशी मरतात तेव्हा त्यांच्यातलं एलडीएच रक्तात उतरतं. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन घसरणं, सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन चढणं हे त्याच माळेचे मणी. मोठ्या गटांत ज्यांचा एनएलआर जास्त त्यांचं आयुर्मान कमी, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. २०१८ मध्ये इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारे उपचार) घेणाऱ्या रुग्णांसाठी याच धर्तीचं न्यूट्रोफिलचं गुणोत्तर आणि एलडीएच मिळून एलआयपीआय नावाचा स्कोअरही मांडला गेला.

पण हे सगळं गटाबद्दल आहे. 'मीडियन सर्व्हायव्हल' म्हणून जो आकडा छापतात, त्याच्या पुढे निम्मे रुग्ण जगलेले असतात, काही तर कितीतरी पुढे. वडील त्यातले कुठले, हे एनएलआर सांगत नाही.

आता एक गोष्ट नक्की तपासा. रक्त कधी काढलं होतं? पेमेट्रेक्सेड हे औषध असलेल्या किमोच्या आदल्या दिवसापासून साधारण तीन दिवस डेक्सामेथासोनच्या गोळ्या देतात. हे स्टेरॉइड आहे. त्याने न्यूट्रोफिल चढतात, लिम्फोसाइट उतरतात, आणि कॅन्सर तसूभरही वाढलेला नसताना एनएलआर दुप्पट दिसू शकतो. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं असेल तरी तेच. छातीत इन्फेक्शन असेल तरी तेच. एलडीएचचं तर आणखी नाजूक: रक्त काढताना किंवा नेताना लाल पेशी फुटल्या तर सीरम लालसर येतं आणि एलडीएच खोटंच वाढतं. चांगली लॅब 'हिमोलाइज्ड सॅम्पल' अशी टीप देते. रिपोर्टच्या तळाशी बघा.

सीईएबद्दलही (काही कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारं प्रथिन) लोक घाबरून विचारतात. धूम्रपान करणाऱ्यांत ते एरवीही थोडं जास्त असतं. एकाच लॅबमधले लागोपाठचे आकडे कुठे चाललेत ते बघायचं, आणि तेही सीटी स्कॅनच्या जोडीने.

वडिलांच्या बाबतीत याहून कितीतरी जास्त वजन दोन गोष्टींना आहे. ते स्वतःचं स्वतः उठून फिरतात का, अंघोळ करतात का. आणि बायोप्सीवर ईजीएफआर, एएलके (ही दोन जनुकं) आणि पीडी-एल१ (गाठीच्या पेशींवरचं प्रथिन) या तपासण्या झाल्यात का. ईजीएफआर किंवा एएलकेमध्ये बदल सापडला तर त्यावर नेमकी गोळी मिळते आणि सगळा हिशोबच बदलतो. बायोप्सीचा तुकडा अपुरा पडला असेल तर ईजीएफआरसारखे बदल रक्तातल्या कॅन्सरच्या डीएनएवरूनही शोधता येतात. फक्त तिथे 'सापडलं नाही' याचा अर्थ 'नाहीच' असा धरायचा नाही.

पुढच्या भेटीत ऑन्कोलॉजिस्टना आधी हेच विचारा: या तीन तपासण्या झाल्या का, रिपोर्ट कुठे आहे? आणि वेळेबद्दल विचारायचं तर तेही मोकळेपणाने विचारा, पण वडिलांना ते ऐकायचंय का हे त्यांना आधी विचारून.